ओइवामामा पाण्यात उतरला

ओइवामामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. उभं आयुष्य त्यानं दुधाचा टँकर चालवला. हान्हीच्या तळ्याभोवती जेवढे म्हणून गोठे होते, तेवढ्या घरी सकाळी तो पोचायचा, आणि प्रत्येक घरी त्याच्यासाठी कॉफीचा कप आणि एक बातमी तयार असायची. बातमी एका घरी उचलायची, पुढच्या घरी पोचवायची आणि वाटेत तिच्यावर थोडी साय धरू द्यायची, ही त्याची रीत. आमच्याकडची माणसं मोजकं बोलतात असं बाहेरचे लोक म्हणतात. ते ओइवामामाला भेटलेले नसतात.

सिर्क्कामामी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या किनाऱ्याच्या तुकड्यावर मामानं स्वतःच्या हातानं घर बांधलं. दोन खोल्या, पुढं ओसरी, पाण्यालगत सौना, म्हणजे वाफेनं तापवलेली लाकडी न्हाणी, आणि तिच्यापासून तळ्यात गेलेला लाकडी धक्का. नळ नाही, आणि तो आणायचा विषय मामीनं कधी निघू दिला नाही. नळ आला की पाहुणे जात नाहीत, असं ती म्हणायची. त्यांना मूलबाळ नाही. माझी केर्तू जन्मल्यापासून जुलै महिना आम्ही दोघी तिथंच काढतो. नवरा शनिवार-रविवार टाम्परे शहरातून येऊन जातो. सुट्टीत करायचं काय, तर फारसं काही नाही. सकाळी ओसरीवर कॉफी, मग जाळं काढायचं, कोवळे बटाटे शेपू घालून उकडायचे, दुपारी एखादं जुनं मासिक तोंडावर घेऊन झोपायचं, संध्याकाळी सौना. बाकीचा वेळ मामा बोलतो.

त्याच्या बोलण्यात एक गोष्ट दरवर्षी यायचीच. एकोणीस वर्षांचा असताना तळ्यापलीकडच्या मांडवात शनिवारचा नाच होता. मामाची होडी चुकली. पण पलीकडे सिर्क्का नावाची मुलगी येणार, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं कपडे काढले, गाठोडं करून पट्ट्यानं डोक्याला बांधले आणि तळं पोहून पार केलं. ओल्या केसांनी मांडवात शिरला आणि सिर्क्काला म्हणाला, "नाचतेस का?" गोष्ट एवढीच, पण दर जुलैला तिच्यातला वारा वाढायचा. एका वर्षी तर मध्ये ओंडक्याएवढा मासा आडवा आला होता.

शेजारचा पेन्ती मामाचा लहानपणापासूनचा दोस्त. सुतारकाम करायचा, आता तोही घरीच. ओसरीवर कॉफी घेताना तो शांतपणे म्हणायचा, "गेल्या वर्षी वारा दक्षिणेकडून होता, ओइवा."

"वारा फिरतो, पेन्ती."

"आणि तळं रुंद होतं?"

"उन्हाळ्यात फुगतं जरा."

मामी मोज्याचे टाके मोजत राहायची आणि गालात हसायची. ती त्या गोष्टीत कधी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

त्या वर्षी केर्तूला ऑगस्टमध्ये शाळेत जायचं होतं, आणि पोरीला पाण्याची भीती. गावच्या वाळूवर जुलैत मुलांची पोहायची शाळा भरते, तिथं मी तिचं नाव घातलं. पहिल्या दिवशी बाकीची पोरं बेडकांसारखी पाण्यात, आणि ही वाळूत टॉवेल पांघरून हाताची घडी घालून उभी. शिकवणारी एल्वीरा विशीतली, चांगली खमकी मुलगी. तिनं गोडीनं विचारलं, "काय गं, येत नाहीस?"

"मला माझे आजोबा शिकवणार आहेत," केर्तूनं सांगितलं. "ते अख्खं तळं पोहून गेले होते. तू गेली आहेस का?"

एल्वीरा गेली नव्हती.

घरी आल्यावर केर्तू मामाच्या मागं लागली. "आजोबा, चला ना पाण्यात."

"आज पाठ धरलीय गं."

दुसऱ्या दिवशी पाणी फार गार होतं. तिसऱ्या दिवशी ते इतकं कोमट होतं की पट्टीच्या पोहणाऱ्याला त्यात मजा नाही. चौथ्या दिवशी कान. पेन्ती समोरच बसला होता. तो म्हणाला, "डॉक्टरकडे जा बाबा. एवढे आजार एका आठवड्यात म्हणजे काळजीचंच."

"तू कॉफी पी," मामा म्हणाला.

केर्तूचं मन राखायला म्हणून शुक्रवारी तो तिला मासे धरायला घेऊन गेला. किनारा तळ्यात घुसतो त्या टोकाच्या पलीकडे पाण्यातून वर आलेला एक मोठा कातळ आहे, त्याला आम्ही मांजरखडक म्हणतो. तिथं पर्च मासा चांगला लागतो. मामीनं डब्यात वेलदोड्याचे गोड पाव दिले, थर्मास दिला, केर्तूला नारिंगी लाइफजॅकेट घातलं आणि दुसरं मामाच्या हातात दिलं. होडी निघाली तेव्हाही मामा काहीतरी सांगतच होता.

आम्ही दोघी सौनेमागच्या गवतावर चिंध्यांच्या सतरंज्या घासायला बसलो. डिंकाच्या वासाचा साबण, कडक ब्रश, डोक्यावर ऊन. मामी कमी बोलते, त्यामुळं तिच्याबरोबर काम करायला बरं वाटतं. दोन सतरंज्या दोरीवर पडल्या. तिसरी उलगडताना मी सहज तळ्याकडे पाहिलं, तर टोकावरून आमची होडी येत होती. रिकामी. वाऱ्याच्या झुळकीनं हलके हलके, गाय गोठ्याकडे यावी तशी.

"बघ," मी म्हटलं, "बोलता बोलता गाठ अर्धवट मारली असणार. आता येईल पोहत."

मामी उभी राहिली. हातातल्या ब्रशमधून फेस ठिबकत होता. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"तो नाही येणार," ती म्हणाली. "त्याला पोहता येत नाही."

मला वाटलं चेष्टाच करतेय. मी हसलेही.

"ओउती," तिनं तशाच आवाजात मला हाक मारली, "होडी आण."

मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. होडी फार लांब नव्हती. ती ढकलत धक्क्याला आणली, मामी चढली, आणि मी वल्ह्यांना हात घालायच्या आत तिनं ती घेतली. ती वल्हवत होती आणि मी समोर ओलीचिंब बसून तिच्याकडे बघत होते. पाणी स्वच्छ होतं, ऊन होतं, कुठं काही वाईट झाल्याचं चिन्ह नव्हतं. तरी एवढ्याशा अंतरात मी पोरीला दहा तऱ्हांनी बुडताना पाहिलं. केर्तूच्या अंगात जॅकेट आहे, हे स्वतःला पुनःपुन्हा सांगत होते.

टोक वळलं आणि खडक दिसला. त्यावर दोघं शेजारी शेजारी बसलेली. मामाचा शर्ट गळाच्या काठीला बांधून निशाणासारखा उभा केलेला. दोघांचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात, आणि मामाच्या हातात पाव.

"या, या," तो ओरडला. "कॉफी संपली, पण एक पाव आहे अजून."

मामीनं वल्ही आत घेतली. होडी खडकाला घासली. तिनं खडकावर नजर फिरवली. मग म्हणाली, "तुझं जॅकेट कुठाय?"

"हे काय, बसलोय ना त्यावर. खडक टोचतो."

मामीनं हात लांब करून त्याच्या हातातला पाव काढून घेतला आणि तळ्यात फेकला. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई. ताटातला बटाट्याचा तुकडासुद्धा तिनं कधी टाकू दिला नव्हता. मामा पावाकडे बघत राहिला. एक पाणपक्षी आला आणि तो घेऊन गेला. मामा त्या पक्ष्यावरसुद्धा काही बोलला नाही.

होडीत बसल्यावर केर्तूच बोलू लागली. तिच्याकडूनच मला सगळं कळलं. होडी सुटली तेव्हा खडकापासून जेमतेम चार हातांवर होती. केर्तू म्हणाली, "आजोबा, आणा ना." मामानं बूट काढले. गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला. तिथं कातळ संपतो आणि पुढं एकदम खोल आहे. तो तिथं थांबला. होडी आणखी लांब गेली. मग तो परत येऊन तिच्याजवळ बसला.

"केर्तू," तो म्हणाला, "मला पोहता येत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"थोडंसुद्धा?"

"दगडाला येतं तेवढं."

केर्तूनं म्हणे बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "भीती वाटते?"

"फार."

"मलापण," केर्तू म्हणाली, आणि तिला एकदम भूक लागली. तेव्हा त्यांनी डबा उघडला.

घरी आल्यावर मामीनं कॉफी ठेवली. कपबशा नेहमीपेक्षा जोरात वाजत होत्या. मामा ओसरीवर गुपचूप बसला होता. शेवटी तोच म्हणाला, "मी सात वर्षांचा असताना आमच्या एका काकानं मला धक्क्यावरून फेकलं होतं. पोरं अशीच शिकतात म्हणून. मी शिकलो नाही. तळाशी जाऊन वर बघत राहिलो. वर सगळं हिरवं दिसत होतं. मग कुणीतरी केस धरून ओढलं." एवढी छोटी गोष्ट त्यानं यापूर्वी कधी सांगितली नसेल.

"मग ती नाचाची रात्र?" मी विचारलं.

मामी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "दुसऱ्या पोरांच्या होडीतून आला होता. उतरताना ऐट दाखवायला गेला आणि धक्क्याऐवजी पाण्यात पाय टाकला. मीच गळपट्टीला धरून वर काढला. मांडवात गेल्यावर कुणीतरी विचारलं, पोहून आलास की काय. हा म्हणाला, हो."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"सांगतो किती छान," मामी म्हणाली. "आणि मला त्यानं कधी खोटं सांगितलं नाही. मी होते ना तिथं." मग ती मामाकडे वळली. आवाज जरा बदलला होता. "पण पोरीला घेऊन पाण्यावर जायचं, तर हे आता पुरे, ओइवा."

मामानं मान हलवली. तेवढ्यात केर्तू म्हणाली, "आमचं ठरलंय. आम्ही दोघं सोमवारपासून पोहायच्या शाळेत जाणार. पण आजोबा पहिले उतरणार."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंज्या उलटायच्या आहेत म्हणून उठले.

सोमवारी मामा टॉवेल खांद्यावर टाकून वाळूवर हजर झाला. टँकरच्या स्टिअरिंगमागं वाढवलेलं पोट, पांढरे पाय, आणि मामीनं रात्रीत नाडी बदललेली जुनी निळी चड्डी. एल्वीरानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही मुलांची शाळा आहे, आजोबा."

"मोठ्यांची कुठं आहे?"

"इथं नाही. शहरात, हिवाळ्यात, बंदिस्त तलावात."

"हिवाळ्यापर्यंत माझी हिंमत टिकायची नाही," मामा म्हणाला. "आणि हिचीही नाही."

एल्वीरानं केर्तूकडे पाहिलं. केर्तूनं मामाचं बोट घट्ट धरलं होतं. "मागच्या रांगेत उभं राहायचं," एल्वीरा म्हणाली. "मी सांगेन ते करायचं. आणि मी बोलत असताना बोलायचं नाही."

हे तिसरं त्याला सगळ्यात जड गेलं.

पहिला धडा तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचा. पोरांची डोकी भराभर खाली गेली. मामा वाकला, थांबला, परत सरळ झाला.  केर्तू त्याच्या शेजारी पोटापर्यंत पाण्यात, तीही वर तोंड करून उभी. पुढच्या रांगेतली एक मुलगी मागं वळून म्हणाली, "आजोबा, डोळे मिटले तरी चालतात." मामानं डोळे मिटले, नाक धरलं आणि तोंड घातलं. वर आला तेव्हा खोकत होता आणि चेहरा लालबुंद झाला होता. "केर्तू," तो म्हणाला, "चव बरी आहे." मग केर्तूही वाकली.

बुधवारी पेन्ती घडीची खुर्ची घेऊन आला. वाळूवर ती मांडली, टोपी नीट केली आणि विचारलं, "आज वारा कुठून आहे, ओइवा?"

मामानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण एल्वीरा बोलत होती. त्यानं तोंड मिटलं. तसा प्रसंग पेन्तीनं जन्मात पाहिला नव्हता. तो पुढंही रोज आला, पण तोंडातून एक टोमणा काढला नाही. गुडघ्यावर हात ठेवून एल्वीरा काय सांगते ते ऐकत बसायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला करमत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाठीवर तरंगायचं होतं. एल्वीरा मामाच्या मानेखाली हात धरून म्हणाली, "पोट वर. छताला लावायचंय असं समजा." मामा म्हणाला, पोट वर असणं ही काही अडचण नाही. ती हसली, आणि हसता हसता तिनं हात काढून घेतला. ते त्याला कळलं नाही. तो तसाच राहिला. दोन्ही पाय तळापासून सुटलेले, हात पसरलेले, डोळे आभाळात. पोरं कुजबुजत भोवती जमली. केर्तू म्हणाली, "शूऽ, आजोबा तरंगतायत."

घरी येताना गाडीत तो अगदी गप्प होता. मामीनं विचारलं, "काय झालं?"

"कानात पाणी गेलं की जगातली सगळी बडबड बंद होते," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

"आमच्या घरातली तर बंद झालीच," मामी म्हणाली.

शेवटच्या दिवशी एका दोरीपासून दुसऱ्या दोरीपर्यंत पोहून दाखवायचं होतं. पाणी छातीएवढंच, पण अंतर बऱ्यापैकी. आईबाप किनाऱ्यावर जमलेले, कुणीतरी टेबलावर कॉफी आणि स्ट्रॉबेरीचा केक मांडलेला. केर्तू ओठ घट्ट मिटून गेली. कुत्र्यासारखे हातपाय मारत, पण मध्ये कुठं पाय टेकला नाही. पलीकडं पोचल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, मामाकडे पाहिलं.

मामा निघाला. तीन हात मारले आणि खाली गेला. उभा राहिला, नाक पुसलं, मागं चालत गेला. पुन्हा निघाला, अर्ध्यावर दम तुटला. किनाऱ्यावरची माणसं हसत होती, पण चांगलं हसत होती. त्यातल्या निम्म्यांच्या गोठ्यातलं दूध त्यानं वाहिलेलं. एल्वीरा म्हणाली, "आजोबा, आज पुरे. तुम्ही शिकलात, हे मला दिसतंय."

"तुला दिसतंय गं," मामा म्हणाला, "मला अजून दिसत नाहीये."

तिसऱ्या वेळी तो सावकाश गेला. मान वर, गाल फुगवलेले, एखाद्या म्हाताऱ्या पाणबदकासारखा. मध्ये एकदा पाणी तोंडात गेलं, डोळे मोठे झाले, आणि मला वाटलं आता उभा राहणार. नाही राहिला. दोरी हाताला लागली तेव्हा तो तिला धरून बराच वेळ तसाच होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामीनं नाही वाजवल्या. ती बूटमोज्यांसकट गुडघाभर पाण्यात गेली होती आणि तिला ते नंतर कळलं.

एल्वीरानं मुलांना कापडी बिल्ले दिले, त्यावर एक लहानसा मासा. मामालाही दिला. तो त्यानं केर्तूच्या टॉवेलवर शिवून घ्यायचा म्हटलं, पण केर्तूनं ऐकलं नाही. मग मामीनं तो निळ्या चड्डीवरच शिवला.

सुट्टीचा शेवटचा शनिवार होता. नवरा येताना सॉसेज घेऊन आला होता. सौना दुपारपासून तापत होती. मामी नेहमीसारखी आधी बाहेर आली आणि शिडी उतरून पाण्यात शिरली. ती फार सुरेख पोहते, आवाज न करता. लग्नापासून ती एकटीच पोहायची, फार लांब जायची नाही, लगेच परत यायची. त्या दिवशी मामा तिच्यामागं शिडी उतरला. किनाऱ्याच्या कडेकडेनं, हाताच्या अंतरावर राहून तो तिच्याबरोबर निघाला.

"सावकाश चल ना," तो म्हणाला.

"सावकाशच आहे. बोलू नकोस, दम जाईल."

"मग तू बोल."

आणि मामी बोलू लागली. काय बोलत होती ते आम्हाला ऐकू आलं नाही. दोन डोकी, एक पांढरं आणि एक टकलं, पाण्यावरून हळूहळू किनाऱ्यावरच्या होडीच्या शेडपर्यंत गेली आणि वळून परत आली. मामी हसत होती, एवढं दिसलं.

नंतर आम्ही ओसरीवर धुरावलेला पर्च आणि बटाटे घेऊन बसलो. पेन्ती आला. टोपी हातात. कॉफी घेतली, पाऊस कधी येईल त्याबद्दल बोलला, काळसर ढगांकडे पाहिलं. मग कपातच बघत त्यानं विचारलं, "त्या पोरीच्या वर्गात, पाणी सगळीकडं छातीएवढंच असतं का?"

 माझ्या नवऱ्यानं काटा खाली ठेवला. पेन्ती आयुष्यभर होडी वल्हवत आलेला माणूस. त्याला पोहता येतं का, हा प्रश्न कुणाच्या मनातसुद्धा आला नव्हता.

मामाला केवढी संधी होती. वर्षानुवर्षांच्या टोमण्यांची परतफेड एका दमात करता आली असती. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पर्चचा एक मोठा तुकडा काट्यांतून सोडवला आणि पेन्तीच्या ताटलीत ठेवला.

"छातीएवढंच," तो म्हणाला. "मागच्या रांगेत जागा असते. फक्त ती बोलत असताना बोलायचं नाही."

"ते मला जमेल," पेन्ती म्हणाला.